आठवडाभर डब्याची नोंद ठेवली तर शाळकरी मुलांच्या आहारातलं मीठ आणि पोटॅशियम किती ते कळेल का?

तुम्ही लिहिलंय की शाळेतल्या ३० मुलांना वह्या द्यायच्या, मुलांनी आठवडाभर काय खाल्लं ते घरच्यांनी लिहायचं आणि त्यावरून दोन्ही आकडे काढायचे. पोटॅशियमचा ढोबळ अंदाज येईल. मिठाचा येणार नाही. वहीत सगळीकडे ‘मीठ चवीपुरतं’ असं येईल, आणि चवीपुरतं म्हणजे किती हे लिहिणाऱ्या आईलाही सांगता येत नाही. तिने ते हाताने टाकलेलं असतं, मोजलेलं नसतं. आपल्याकडे पोटात जाणारं बहुतेक मीठ घरच्या फोडणीत आणि कणकेत असतं. म्हणजे नेमका मोठा भाग वहीतून निसटतो.

मी नाशिकरोडला २१ वर्षं लॅब टेक्निशियन होते. एका सर्वेक्षणात सातवी-आठवीच्या ४८ मुलांची २४ तासांची लघवी तपासायचं काम आमच्याकडे आलं होतं. शाळा सातपूरच्या बाजूची. मिठातून पोटात गेलेल्या सोडियमपैकी सुमारे ९० टक्के लघवीतून बाहेर पडतं, पोटॅशियम पाऊण हिस्सा किंवा थोडं जास्त. मग आई काय सांगते, मूल काय लपवतं, याचा प्रश्नच उरत नाही. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, तिथून पुढची प्रत्येक वेळची कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली त्यात धरायची. मी स्वतः वर्गात जाऊन हे तीनदा समजावलं होतं. कॅन दिसू नये म्हणून प्रत्येकाला कापडी पिशवीही दिली होती.

बुधवारचं गोळा करून गुरुवारी कॅन आले. मुलग्यांचे ठीक होते. २३ मुलींपैकी १५ जणींच्या कॅनमध्ये अर्धा लिटरही नव्हतं. सर्वेक्षणाचे सर म्हणाले, “मुलींनी कंटाळा केलाय ताई. ५०० मिलीच्या खालचे सगळे बाद करा.”

मी बाद केले नाहीत, आधी क्रिएटिनिन लावलं. हा पदार्थ स्नायूंतून रोज साधारण ठरावीक प्रमाणात निघतो, पाणी कमी प्या नाहीतर जास्त. मुलांमध्ये वजनाच्या किलोमागे दिवसाला ११ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा खाली आलं तर काही लघवी कॅनबाहेर गेली असं समजायचं. त्या १५ पैकी चौघींचं खरंच कमी होतं. बाकी ११ जणींचं व्यवस्थित. म्हणजे त्यांनी सगळं गोळा केलं होतं, फक्त ते गडद होतं.

शुक्रवारी मी शाळेत गेले. वर्गात विचारलं तर कुणीच बोललं नाही. परत निघाले तेव्हा आठवीतली एक मुलगी फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, “मॅडम, आम्ही पाणीच पीत नाही. संडासाला कडी नाहीये.” साडेदहा ते पाच. घरी गेल्यावर प्यायच्या, तेही थोडंच, कारण मग झोप मोडते. तिचा कॅन ४६० मिलीचा होता, वजन ३४ किलो, क्रिएटिनिन ५८० मिलिग्रॅम. किलोमागे १७. याहून पूर्ण नमुना मोठी माणसंही देत नाहीत.

हे सगळं मी सरांपुढे ठेवलं. ते म्हणाले, “बाटल्या मोजायचं काम तुमचं. अर्थ आम्ही काढू.” पंधराही कॅन बाद झाले आणि मुलींचं गोळा करणं पुन्हा रविवारी ठेवलं, घरी असतात म्हणून. रविवारी कॅन भरले. पण रविवारी घरी मिसळ झाली होती, कुणाकडे पाहुणे होते, पापड तळले होते. शाळेतली खिचडी नव्हती, मधल्या सुट्टीतलं पाच रुपयांचं पाकीट नव्हतं. मुलग्यांचा बुधवार आणि मुलींचा रविवार एका तक्त्यात शेजारी शेजारी बसवले आणि मुलगे-मुलींतला फरक म्हणून त्यावर परिच्छेद लिहिला. मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते, तो फरक वाराचा होता.

बाद झालेल्या त्या मुलीचा हिशेब मी माझ्या वहीत करून ठेवलाय. सोडियम ९४ मिलिमोल (वजन नाही, कणांची संख्या मोजायचं एकक), म्हणजे साडेपाच ग्रॅम मीठ, आणि लघवीत न येणारा भाग धरला तर सहा ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत सांगते आणि मुलांना त्यांच्या उष्मांकाच्या मानाने त्याहून कमी. पोटॅशियम २२ मिलिमोल, ८६० मिलिग्रॅम. उरलेला हिस्सा धरून अकराशेच्या आसपास. मोठ्यांसाठी संघटना किमान ३५१० मिलिग्रॅम सांगते. दोन्ही पाळले तर सोडियम-पोटॅशियम मिलिमोलमध्ये जवळजवळ एकास एक येतात. हिचं चारास एक होतं. ती मुलगी मीठ जास्त खात होतीच, पण केळं, पेरू, पालेभाजी, उसळ तिच्या ताटात फारशी येत नव्हती, आणि मला ते जास्त लागलं.

आता तुमचं. लघवी गोळा करण्याच्या भानगडीत शिक्षकांनी स्वतःहून पडू नये. पालकांची लेखी संमती, नैतिकता समिती, डॉक्टर, हे सगळं लागतं. कुणी सांगेल की सकाळची एक बाटली घ्या आणि त्यावरून दिवसभराचं मीठ काढायच्या सूत्रात घाला. ते करू नका. तनाका, कावासाकी ही सूत्रं जपानमधल्या प्रौढांवर बेतलेली आहेत, मुलांसाठी नाहीत.

मिठाची बरणी वजन करायला सांगा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, या सोमवारी आणि पुढच्या सोमवारी. खाणारी माणसं किती, पाहुणे किती, पाण्यात घालून फेकलेलं मीठ किती, ते लिहायचं. हा घराचा आकडा झाला, मुलाचा नाही, पण ‘चवीपुरतं’पेक्षा शंभरपट बरा. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये छापलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ येतं. उन्हाळ्यात केलेले पापड आणि लोणचं वेगळं धरा, ते मीठ त्या आठवड्याच्या बरणीतलं नसतं. पापडखार आणि खायचा सोडा हेही सोडियमच, जिभेला खारट लागले नाहीत तरी.

पोटॅशियमसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटकांचे तक्ते वापरा. ते मुख्यतः कच्च्या पदार्थांचे आहेत, म्हणून वहीत कच्चं वजन हवं. भाजी उकडून पाणी टाकत असतील तर तेही लिहायला लावा, पोटॅशियम पाण्याबरोबर जातं.

हे आधी सांगायला हवं होतं: एका दिवसावरून, मग वही असो की कॅन, एका मुलाबद्दल काही बोलता येत नाही, फक्त गटाबद्दल. एप्रिल-मेमध्ये घामातून बरंच मीठ जातं, तेव्हा लघवीचा आकडा कमी दाखवतो. आणि तुमचे आकडे बघून एखाद्या पालकाने कमी सोडियमचं मीठ आणलं तर थांबवा. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, २०२५ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत मुलं धरलेली नाहीत, आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या मुलाला ते धोक्याचं आहे. आयोडीनचं मीठही कुणी बंद करू नये, कमी घालावं.

नोंद मुलग्यांची आणि मुलींची त्याच दिवसांची ठेवा, शाळेचे दिवस आणि रविवार वेगळे मांडा. वहीत एक रकाना पाण्याचा करा. मुलींच्या वह्यांत साडेदहा ते पाच तो रिकामा आला तर आधी संडासाच्या कड्या बघून या.