वारकरी संप्रदायाचे मुख्य ग्रंथ कोणते आणि नवख्याने सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की घरात कुणी माळकरी नाही, जुनी मराठी कळत नाही, तर वारकऱ्यांचे ग्रंथ वाचायला कुठून सुरू करू. मुख्य ग्रंथ तीन, ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत आणि तुकोबांची गाथा, यांनाच प्रस्थानत्रयी म्हणतात. शिवाय रोजच्या म्हणण्यात ज्ञानोबांचा हरिपाठ.

माझं ऐकाल तर ज्ञानेश्वरी पहिल्या अध्यायापासून धरू नका. मी तीनदा धरली आणि तिन्ही वेळा गणपतीच्या रूपकातच अडकलो, तिथे सहा दर्शनं, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या सहा शाखा, हे गणपतीचे सहा हात असं सगळं येतं आणि ते सुंदरच आहे पण दर्शनं म्हणजे काय हेच माहीत नसेल तर माणूस पाचव्या पानावर पोथी मिटतो. थेट बारावा अध्याय काढा. गीतेचे श्लोक फक्त वीस, ओव्या अडीचशेच्या आत, आणि विषय भक्तीचा. त्यात भक्ताचं वर्णन करताना माउली म्हणतात की घरच्यांना उजेड द्यावा आणि परक्याला अंधार पाडावा हे दिव्याला ठाऊकच नसतं, आणि पुढच्याच ओवीत झाड, जो तोडायला घाव घालतो आणि ज्याने लावलं त्या दोघांनाही एकच सावली देतं. हे कळायला कुठला शब्दकोश लागतो सांगा? मी पहिल्यांदा हे मोठ्याने वाचलं तेव्हा थांबून परत वाचलं होतं.

मोठ्यानेच वाचा, हे मुद्दाम सांगतोय. नेवाशाला शके 1212 म्हणजे 1290 साली ज्ञानोबा सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते, म्हणजे हे मुळातच बोललेलं आहे, डोळ्याने नुसतं वाचलं की अर्धं हरवतं, तोंडातून गेलं की अडलेला शब्दही चालीत उलगडतो. पारायण मात्र नंतर करा, नऊ हजार ओव्या सात दिवसांत म्हणजे रोज तेराशेच्या आसपास, त्या वेगात नवख्याच्या हाती अर्थ लागत नाही.

आज आपल्या हातात जी ज्ञानेश्वरी आहे तिच्यामागे एकनाथ महाराजांचे कष्ट आहेत बरं का. तीनशे वर्षांत नकला करताना पाठ बिघडले होते, ते त्यांनी 1584 मध्ये शुद्ध केले आणि शेवटी बजावलं की यात जो स्वतःची ओवी घुसडेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजा. त्यांचं स्वतःचं भागवत, म्हणजे भागवत पुराणाच्या अकराव्या स्कंधाचा अर्थ उलगडणारा ओवीबद्ध ग्रंथ, पैठणला सुरू होऊन 1573 ला काशीत पूर्ण झालं. ते सगळ्यात मोठं, शेवटी घ्या, पण तेवीसावा अध्याय आधी वाचलात तरी चालेल, कंजूष माणसाचं सगळं धन जातं आणि मग त्याचे डोळे उघडतात ती गोष्ट आहे.

गाथेला क्रमच नाही, साडेचार हजारांच्या आसपास अभंग, कुठूनही उघडा, रोज एक पुरे. फक्त अभंगाचा नंबर आवृत्तीप्रमाणे बदलतो म्हणून कुणी नंबर सांगितला तर तुमच्या प्रतीत भलताच अभंग निघेल, अशा वेळी त्यांना पहिली ओळ विचारा आणि गाथेतल्या अकारविल्हे सूचीत ती शोधा.