हायपरलूपची इंजिनिअर व्हायचंय, पण कोणत्या ब्रँचने?

पत्र : मी एसटीत चालक आहे, सातारा–पुणे फेऱ्या करतो. मुलगी बारावी सायन्सला, पीसीएम ग्रुप. व्हिडिओ बघून तिने ठरवलंय, काम करीन तर हायपरलूपमध्येच, म्हणजे हवा काढलेल्या नळीतून धावणाऱ्या त्या गाडीवर. पुणे–मुंबई पंचवीस मिनिटांत, म्हणते. एका खासगी संस्थेत ‘फ्यूचर मोबिलिटी’ नावाचं बीटेक आहे, वर्षाला साडेतीन लाख फी. कर्ज काढू का? की हे सगळं हवेतलंच आहे?
– एक पालक, सातारा जिल्हा

नमस्कार दादा,

या कोर्ससाठी तरी कर्ज काढू नका. कारण सांगतो, पण आधी लेकीच्या बाजूने थोडं.

पंचवीस मिनिटांचा आकडा तिने मनाने काढलेला नाही. २०१८ मध्ये आपल्या राज्य सरकारने त्या मार्गासाठी एका अमेरिकन कंपनीशी करार केला होता. त्याच कंपनीने, व्हर्जिन हायपरलूपने, नोव्हेंबर २०२० मध्ये नेवाडाच्या वाळवंटात पाचशे मीटरच्या नळीतून माणसं बसवून डबा पळवला. वेग गाठला ताशी १७२ किलोमीटर. बसणाऱ्यांत एक इंजिनिअर आपल्या पुण्याचा होता. आणि २०२३ सरता सरता कंपनीला टाळं लागलं.

त्या पुणेकराचं काम होतं पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे विजेला हवं तसं वळवणं, कमीजास्त करणं. कंपनी बुडाली तरी ही विद्या बुडत नाही. तुमच्या महामंडळाच्या ई-बसमध्ये, पुणे मेट्रोत, रेल्वेच्या इंजिनात तीच लागते. पण उद्या कुणाच्या पदवीवर नुसतं ‘हायपरलूप’ लिहिलेलं असेल, तर त्याने कुठे जायचं?

नळीतून हवा काढून गाडी पळवायची ही कल्पना काही आजची नाही. इंग्लंडात डेव्हनमध्ये ब्रुनेल नावाच्या नामांकित इंजिनिअरने १८४७ मध्ये तशी गाडी खरोखर चालवली होती. रुळांमध्ये लोखंडी पाइप, पाइपात गाडीला जोडलेला दट्ट्या, आणि वरची फट झाकायला चामड्याची पट्टी. चामडं सुकलं, भेगा पडल्या, हवा आत शिरू लागली. वर्षभरात सगळं गुंडाळावं लागलं. कल्पनेत खोट नव्हती, चामड्याने घात केला.

आजचं चामडं वेगळं आहे एवढंच. शंभर किलोमीटर लांब पोलादी नळी घ्या. पहाटेची थंडी आणि भर दुपारचं ऊन यांत नळीच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला, तर ती ४८ मीटरनी लांबायला बघते. ही वाढ सांध्यासांध्यांत जिरवायची आणि तरीही हवा आत येऊ द्यायची नाही. व्हिडिओत हे दिसत नाही, नोकरी मात्र इथेच असते. तिला अकरावीचं थर्मल एक्सपान्शन काढायला सांगा. ४८ चा आकडा तिला स्वतः काढता आला पाहिजे.

आता कोर्सविषयी. संस्थेला एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, मान्यता आहे का, हे पाहाच. पण त्याहून मोठी अडचण नावात आहे. वाहनाच्या नावाची पदवी वाहनाइतकीच टिकते. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिल ही नावं जुनाट वाटतात, पोरांना तर फारच, पण मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन आज याच लोकांच्या जोरावर उभी राहतेय. ५०८ किलोमीटरचा मार्ग, वेग ताशी ३२० आणि ठाण्याच्या खाडीखालून सात किलोमीटरचा बोगदा. तिथे माती, पाणी आणि खडक ओळखणारी सिव्हिलची माणसं लागतात. लेकीचा ओढा चुंबकांकडे, मोटारींकडे असेल, तर माझं मत इलेक्ट्रिकल. हायपरलूपची हौस बाजूने भागवता येते. आयआयटी मद्रासच्या विद्यार्थ्यांनी चारशे मीटरहून थोडी लांब चाचणी-नळी उभी केलीय, आणि त्यातलं कुणी ‘हायपरलूप’ शाखेत शिकत नाही.

पैशाचं बोलू. जेईई देऊ द्या, पण एमएचटी-सीईटीकडे दुर्लक्ष नको. कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश मिळाला, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं आणि मुलगी ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी गटात बसत असली, तर २०२४-२५ पासून शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. एससी, एसटीसाठी योजना वेगळ्या आहेत. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला मात्र ही माफी नाही. उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल ते जात प्रमाणपत्र आत्ताच तयार ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रापुढच्या रांगा तुम्हाला माहीत आहेतच.

एक काम मात्र तुमच्याकडे. साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीचा बोगदा संपला की ते एस आकाराचं वळण लागतं ना, तिथे तुम्ही वेग किती ठेवता आणि का, हे लेकीला सांगा. वेग दुप्पट केला तर गाडीला बाहेर ओढणारा जोर चौपट होतो, हे तुमच्या हातांना कळतं. तिच्या बारावीच्या फिजिक्समधला पहिलाच धडा, रोटेशनल डायनॅमिक्स, हेच सांगतो. मग तिला विचारा : ताशी ३२० ची गाडी एका वळणावर आरामात जाते. तोच आराम ताशी १००० ला हवा असेल, तर वळणाची त्रिज्या किती पट मोठी लागेल? आणि तेवढं वळण खंडाळ्याच्या घाटात कुठे बसवायचं? उत्तर जवळजवळ दहापट येतं. पण ते तिला आधी सांगू नका. घाटात वळण कुठे बसतं, ते मात्र तिने नकाशावर दाखवून मला कळवावं.