रेझीनला बेलाशक राळ म्हणा, पण 'सुकली' म्हणू नका

भांडुपहून एकांचा प्रश्न आलाय. त्यांच्याकडे एफआरपीची (काचेचे धागे आणि रेझीन मिळून होतो तो माल, लोकांच्या तोंडी 'फायबर') कामं होतात, कामगारांसाठी भिंतीवर मराठीत सूचना लावायच्यात, तर रेझीनला 'राळ' लिहिलेलं चालेल का आणि क्युरिंगला, म्हणजे पातळ रेझीन घट्ट होण्याला, 'सुकणे' बरोबर का?

चालेल काय, धावेल! पण आधी त्या 'फायबर'चं बघू, ऐकून ऐकून डोकं उठलंय. मुंबईत गच्चीवरची टाकी फायबरची, लग्नाच्या हॉलातली खुर्ची फायबरची, बादलीसुद्धा फायबरची. अहो, टाकी बहुतेक पॉलिथिलीनची, खुर्ची पॉलिप्रॉपिलीनची, त्यात तंतू औषधालाही नसतो. वर्सोव्याला कोळ्यांच्या होड्यांना म्हणा की खुशाल फायबर, तिथे खरंच काचेच्या धाग्यांची मॅट असते, तरी नाव अर्धंच, कारण धागा ताण घेतो पण त्या धाग्यांना धरून ठेवते ती राळ.

तर राळ. साल वगैरे झाडांचा वाळलेला चीक, संस्कृतात राल किंवा सर्जरस, हे कोशात मिळेल, पुढे चला. खरी मजा 'राळ उडवणे'त आहे. रोज पेपरात आरोपांची राळ उडते आणि निम्म्या लोकांना वाटतं राळ म्हणजे धुरळा, मग 'राळ खाली बसली' असलं काहीतरी कानावर येतं. बसेल कशी, ती पेटते! दशावतारात राक्षस येतो तेव्हा मशालीवर राळेची पूड फेकतात, भस्सकन जाळ उठतो, परळ-लालबागच्या कोकणी माणसाला हे मी सांगायला नको. माझं ठाम मत आहे की वाक्प्रचार तिथूनच आलाय, क्षणभर डोळे दिपतात आणि मागे उरतो धूर, आरोपांचं दुसरं काय होतं? धुळीशी नातं जोडणाऱ्या पंडितांनी एकदा तरी रात्र जागून दशावतार बघावा.

आणि लाक्षागृह! नाव लाखेचं, पण आदिपर्वात दुर्योधन पुरोचनाला सामान सांगतो त्यात शण आणि सर्जरससुद्धा आहेत, म्हणजे ताग आणि राळ, म्हणजे धागा अधिक राळ, झालं की तुमचं कंपोझिट. (हे लगेच 'महाभारतात फायबरग्लास' म्हणून फॉरवर्ड करू नका, त्याला घर मजबूत नको होतं, जळकं हवं होतं.)

आता 'राळ झाडाची, कारखान्यातली ती रेझीन' असं बजावणारे परिभाषावाले. इंग्रजी शब्द तरी कुठे आभाळातून पडला, लॅटिनमधून आलेला तोही झाडाचा चीकच. बेकलंड या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये बेकेलाइट हे प्लास्टिक केलं ते मुळात शेलॅकला, म्हणजे आपल्या लाखेला, पर्याय शोधता शोधता, तरी इंग्रजीत त्यालाही रेझीनच म्हणाले. त्यांना चालतं, आणि आपण मात्र 'संश्लेषित बहुवारिक' लिहायचं, जे वाचून होईपर्यंत डब्यातला माल दगड होईल.

हां, क्युरिंग राहिलंच. 'सुकणे' नको. कपडे सुकतात तेव्हा पाणी उडून जातं, इथे कॅटलिस्ट (बरेच कारागीर त्यालाच हार्डनर म्हणतात) घातलं की राळ आणि तिच्यातलं स्टायरीन (तिला पातळ ठेवणारं द्रव) एकमेकांत जोडले जातात, माल गरम होतो आणि आहे तसा घट्ट होतो. कॅटलिस्ट लागतं शेकडा एक-दोन, विरजणाएवढं, म्हणून मला स्वतःला 'राळ लागली' म्हणायला आवडेल, दही लागतं तसं. पण भिंतीवर सरळ लिहा: 'राळ घट्ट होईपर्यंत साच्यातून माल काढू नये.' आणि कोबाल्ट (राळ लवकर घट्ट व्हावी म्हणून घालतात ते) नि कॅटलिस्ट थेट एकमेकांत कधीही ओतू नये, स्फोट होऊ शकतो, ही सूचना मराठीबरोबर हिंदीतही लावा, मोठ्या अक्षरात.