मॅथची टीचर बदलून घ्यायची का?

डॅलसहून एका ताईंनी लिहिलंय, मुलगी नववीत आहे, अल्जेब्राला ब्लॅक टीचर आल्यात आणि नवरा म्हणतोय सेक्शन बदलून घेऊ, उगाच रिस्क कशाला. ताई, राग मानू नका, पण अजून पहिली टेस्टसुद्धा झाली नाही आणि रिस्क दिसली कुठून हो? बाईंचं शिकवणं कुणी बघितलंच नाहीये, बघितलाय तो फक्त शाळेच्या वेबसाइटवरचा फोटो. आपल्या पोराच्या ॲक्सेंटला कुणी हसलं की आपण अख्खा व्हॉट्सॲप ग्रुप डोक्यावर घेतो ना!

तुमच्याकडून गाडीने दीड-दोन तासांवर वेको आहे, तिथल्या व्हिव्हियन मॅलोन-मेझ. कॉलेजात गणिताचं डिपार्टमेंट सांभाळलेली बाई, तरी १९६१ मध्ये गावातल्याच बेलर युनिव्हर्सिटीने ॲडमिशन नाकारली, कारण ब्लॅक. मग ऑस्टिनला टेक्सस युनिव्हर्सिटीत गेल्या तर तिथे एक प्रोफेसर ब्लॅक मुलांना वर्गातच घेत नव्हते, टीचिंग असिस्टंट होऊ दिलं नाही, आणि मला सगळ्यात लागली ती कॉफीची गोष्ट, म्हणजे गाइड आणि बाकीची पोरं कॅफेत बसून गणितावर गप्पा मारायची पण तिथे ब्लॅक लोकांना सर्व्हच करत नसत म्हणून या बाहेर. पीएचडी केलेल्या कुणालाही विचारा, अर्धं काम त्या टेबलावरच होतं. तरी १९६६ ला पीएचडी झाली आणि त्याच वर्षी नोकरी दिली कुणी, तर बेलरनेच! तिथल्या पहिल्या ब्लॅक प्रोफेसर. १९७१ ला बेलरच्या विद्यार्थी प्रतिनिधींच्या मंडळाने त्यांनाच उत्कृष्ट शिक्षक म्हणून निवडलं.

आणि या मुळात डॉक्टर व्हायला निघाल्या होत्या बरं का. फिस्क युनिव्हर्सिटीत शिकवायला एव्हलिन बॉइड ग्रॅनव्हिल होत्या, १९४९ च्या येलच्या पीएचडी, त्याही ब्लॅक, त्यांच्यामुळे गणिताकडे वळल्या. ग्रॅनव्हिलबाईंची अजून एक विद्यार्थिनी, एटा फाल्कनर, तिनेही गणितात पीएचडी केली. अशी टीचर मिळायला नशीब लागतं.

तर सेक्शन राहू दे. पेरेंट-टीचर मीटिंगला दोघंही जा, मुलीची वही घेऊन जा, कुठे अडते ते दाखवा आणि शाळेआधी-नंतर ट्यूटोरियलला बसता येईल का तेवढं विचारा. बाई कच्च्या वाटल्या तर दोन टेस्टनंतर बोलू, ते कुठल्याही टीचरबद्दल बोलता येतं. आणि हे रिस्क प्रकरण मुलीने जेवताना ऐकलं असेल, तर तिच्याशी बाबांनीच बोलायचं, तुम्ही नाही.