टाच दुखते, नाळ उतरू का?

प्रश्न : घाटमाथ्यावरच्या मोहरी गावाहून सिंगापूरची नाळ (सह्याद्रीतली घाटवाट, धोंड्यांनी भरलेली अरुंद घळ) उतरून कोकणात दापोलीला (महाड तालुक्यातल्या) जायचं आहे. सकाळी पहिली पावलं टाकताना टाच ठणकते, चाललं की हलकी होते. जावं का?
– एक वाचक, महाड

उत्तर : तुमचं वर्णन प्लांटर फॅशियायटिसशी, म्हणजे तळव्याच्या पट्ट्याच्या दुखण्याशी जुळतं. त्यात जाता येतं, पण तयारीनिशी. अंथरुणातच चवडा हाताने आपल्याकडे ओढून 30 सेकंद धरा, तीनदा. मग भिंतीला टेकून पोटरी ताणा. पोटरी आखडलेली असली की टाचेवर जास्त ओढ येते.

खरी परीक्षा उताराची. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर. नाळेत त्यांचेच सुटलेले धोंडे पडलेले असतात, आणि दव पडलं की शेवाळलेला काळा दगड साबणासारखा निसटतो. बूट जुनाच हवा, नवा कोरा नको. वरच्या शेवटच्या दोन भोकांतून नाडीचा फास करून ती त्यातून ओवा. टाच जागची हलत नाही, बोटं पुढे आपटत नाहीत. काठी चढणीपेक्षा 5 ते 10 सेंटीमीटर लांब ठेवा, आधी काठी, मग दुखरा पाय. धोंड्यावरून उडी मारू नका, बसून उतरा. पायमोजा ओला झाला की लगेच बदला.

वेदनाशामक गोळी घेऊन निघू नका, पाय देत असलेला इशाराच दबतो. दुखणं चालता चालता वाढत गेलं, किंवा हाडावर एकाच बिंदूला बोट लावताच कळ आली, तर मोहरीतूनच परत फिरा. एकदा नाळेत शिरलात की गाडी थेट खालच्या गावात.