वायफायची रेंज कमी असली की डेटा जास्त संपतो का?

तुमचा प्रश्न: सिंहगड रोडला टू बीएचके, राउटर दारापाशी, मागच्या बेडरूममध्ये दोनच दांड्या. नेट रखडतं, पण डेटाही जास्त जातो का?

ब्रॉडबँडचा जात नाही. मोबाइलचा जातो. रेंज घसरली की फोन न विचारता सिमच्या नेटवर जातो. आयफोनमध्ये मोबाइल डेटाच्या सेटिंगमध्ये पार तळाला ‘वाय-फाय असिस्ट’ असतं, ते मुळातच चालू असतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये वायफायच्या सेटिंगमध्ये तसाच पर्याय असतो, नाव कंपनीगणिक वेगळं. आधी ते बंद करा. रोजचे दीड जीबी दुपारीच संपत असतील तर पहिला संशय यावर घ्यावा.

राउटर आणि फोनमध्ये डेटाचं पॅकेट (छोटा तुकडा) हरवलं की राउटर तेच पुन्हा पाठवतो. हा सगळा व्यवहार घरातल्या घरात होतो, कंपनीच्या हिशेबात येत नाही. उलट रेंज सुधारली की यूट्यूब आपणहून ४८० वरून १०८० वर जातं आणि खप वाढतो. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं: एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत, फोरकेला ७.

स्पीडसाठी दांड्या बघू नका, वायफाय ॲनालायझरचं ॲप टाकून डीबीएम बघा (सिग्नलची ताकद; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला). उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या पुढे रडारड. शिवाय बेडरूममधला फोन संथ गतीने बोलतो आणि तेवढा वेळ चॅनल (सगळ्यांची सामायिक वाट) अडवून ठेवतो, म्हणून हॉलमधला टीव्हीसुद्धा अडखळतो.

तक्रार केली की ‘१०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० करा’ म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. लॅपटॉप केबलने राउटरला लावून स्पीड तपासा. तिथे ९५ आणि बेडरूममध्ये १२ येत असेल, तर ३०० घेऊनही बेडरूममध्ये १२ च येणार. केबललाही १२ च आला तर मात्र कंपनीला धरा.

खरा घोळ जागेचा असतो. फायबर डक्टमधून वर येते, लाइनमन दाराजवळ भोक पाडतो आणि राउटर शू-रॅकमध्ये नाहीतर टीव्हीच्या मागे कोंबतो. तिथून बेडरूमपर्यंत वाटेत फ्रिज, बाथरूमची टाइल्सची भिंत, आरशाचं कपाट. वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा वेगवान बँड यातच मरतो. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत तर एक जाड भिंत पुरते.

स्वस्त रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा) घेऊ नका. एकाच चॅनलवर ऐकून पुन्हा बोलतो, स्पीड निम्मा होतो. तोही लोक जिथे रेंज नाही तिथेच लावतात. त्यापेक्षा मुख्य राउटरपासून कॅट-६ नेटवर्क केबल ओढा आणि बेडरूममध्ये जुना राउटर लावा. त्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, बदला (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२), डीएचसीपी (फोनला आपोआप आयपी देणारी सोय) बंद करा, मगच केबल लॅन पोर्टमधून लॅन पोर्टमध्ये लावा, वॅनमध्ये नाही. वायफायचं नाव-पासवर्ड तेच ठेवा, २.४ गिगाहर्ट्झचं चॅनल वेगळं: १, ६ किंवा ११. डीएचसीपी चालू राहिलं तर दोन्ही राउटर आयपी वाटत बसतात, आणि फोन ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ दाखवतो.

भाड्याचं घर असेल तर भोक पाडू नका, स्कर्टिंगवरून चिकटपट्टीची केसिंग न्या. आणि घरचं नेट सिमच्या राउटरवर असेल तर आधी टॉवरची रेंज बघा. तो राउटर खिडकीत ठेवा.