गवताचं बी आणि दिवसाची लांबी

प्रश्न : माझा भाचा दक्षिण पोर्तुगालमध्ये एका शेतावर कामाला आहे. मालकाला ऱ्होड्स या चाऱ्याच्या गवताचं बी धरायचंय. आम्ही दरवर्षी कांद्याचं बी घेतो, म्हणून भाचा मलाच विचारतो. त्याला काय सांगू? – एक वाचक, निफाड

उत्तर : तिथला पाऊस हिवाळ्यातला. जून ते ऑगस्ट कोरडा ठक्क, त्यामुळे गवताला पाणी विकतचं. पण बी पिकताना आभाळ कोरडं असणं किती मोलाचं, ते कांद्याचे गोंडे अवकाळीत भिजलेल्या माणसाला मी काय सांगावं! सिन्नरला गिनी गवताचं बी धरायचो तेव्हा सप्टेंबरातल्या एका रात्रीच्या सरीने सगळी मेहनत मातीत गेली. सकाळी तुरे उभे आणि बी बुडाशी. तो तोटा अजून सलतो.

खरी फसगत वाणात आहे. नाशिकला जूनचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, तिथे पावणेपंधरा. कॅलाइडसारखे वाण दिवस लहान झाल्यावरच फुलतात. म्हणजे तिथे उन्हाळाभर नुसता पाला, तुरे येणार शरद ऋतूत, आणि बी पिकेपर्यंत पाऊस दाराशी. चाऱ्याला कॅलाइड चांगला, पण तिथे बियाण्यासाठी नको. कटांबोरा किंवा पायोनियर घ्यायला सांगा, ते दिवसाच्या लांबीवर फारसे अडत नाहीत.

पेरणी वसंतात, जमीन ऊबदार झाल्यावरच. बी पिसासारखं हलकं, फणातून उतरत नाही. वाळूत कालवून वरवर पेरायचं, खोल गेलं तर उगवत नाही. दुसऱ्या वर्षापासून वसंतात एक कापणी चाऱ्याला घ्यायची आणि लगेच नत्र व पाणी द्यायचं. मग तुरे बरेचसे एका वेळी येतात. तरी सगळं बी एकदम पिकत नाही, वरचं गळतं तेव्हा खालचं हिरवं असतं.

काढणीचा दिवस लांबून रंग बघून ठरवू नका. पंजासारखा तुरा तळहातावर चोळायचा, फुंकर मारायची. भुसा उडून मधाच्या रंगाचे कडक दाणे हातात राहिले पाहिजेत. पुष्कळ टरफलं पोकळच निघतात, घाबरू नका. शेताच्या चार कोपऱ्यांतले आणि मधले तुरे रोज सकाळी, दव वाळल्यावर, असे चोळून बघायचे. हलकं बोट लावल्याबरोबर टोकाकडचं बी गळू लागलं की दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, त्याच दिवशी कापणी सुरू करायची.